आरसा नसलेलं घर

"ह्या घरात आरसा कुठंच न्हाय की," असं बयाबाई म्हणाली आणि माझ्या बशीतला चहा काठापर्यंत येऊन परत गेला. सांडला नाही. कुणाचं लक्षही गेलं नाही, कारण सगळे टीव्हीत होते आणि टीव्हीत माझ्या लेकीचं घर होतं. बयाबाई ही सयाजीची बायको. तिची नजर अशी की पंगतीच्या पार टोकाला कुणाच्या पानात मीठ वाढायचं राहिलं तर ते तिला या टोकाला बसून दिसतं. "बेसिन हाय, बेसिनवर नळ हाय, आन् वर नुस्ती भिंत," ती म्हणाली. "तमन्ना भांग कशात बघून पाडती मग?" कृष्णात म्हणाला, "मोबाईलमधी बघत असंल, काकी." सगळे हसले. मीही हसलो. मी नेहमी सगळ्यांच्या किंचित आधी हसतो, ती माझी जुनी खोड. पण ते हसू तोंडावर तसंच ठेवून मी आत कुठंतरी एक पायरी चुकलो. जिना संपला असं समजून पाय टाकावा आणि खाली आणखी एक पायरी निघावी, तसं.

"माझ्या हातचं घर" हा कार्यक्रम दर रविवारी सकाळी लागतो. ठेकेदार न नेमता स्वतःच्या हातांनी घर बांधणारी माणसं त्यात दाखवतात. कुणी वाईकडं रिकाम्या बाटल्यांचं घर बांधलं, कुणी कोकणात उतारावर असं टांगलं की पोर रांगायला लागलं तर थेट समुद्रात जावं. वर्षभर कॅमेरा त्यांच्या मागं हिंडतो. ताडपत्री उडते, नवराबायको भांडतात, आणि शेवटी दार उघडतं तेव्हा सनई वाजते. आमच्या गल्लीनं हा कार्यक्रम सयाजीच्या पुढच्या सोप्यात बसून बघायचा असतो, कारण त्याचा टीव्ही भिंतीएवढा. सयाजी बिद्रीच्या कारखान्यात काट्यावर होता. उसाच्या गाड्या जोखण्यात जन्म गेला, आता बसल्या जागी घरं जोखतो. घर पसंत पडलं नाही तर "चितपट" म्हणतो. आवडलं तर काहीच म्हणत नाही, नुसता तंबाखू मळतो. कृष्णात त्याच्या माडीवर भाड्यानं राहतो. ग्रिल आणि गेट जोडायचं वेल्डिंग त्याचं, त्यामुळं त्याला जगातल्या प्रत्येक घरात ग्रिल कमी दिसतं. आणि मी समोरच्या ओळीत. त्या ओळीतल्या सगळ्या खोल्या एकाच मालकाच्या. गेल्या आठवड्यात त्यानं सगळी दारं एकदमच रंगवून घेतली, कॉफी रंगाची, गणवेशातल्या पोरांसारखी एकसारखी. मी त्याला म्हटलं, बाबा रे, अशानं एखाद्या दिवशी या ओळीतले नवरे चुकीच्या घरात जेवून येतील. तो हसत गेला. अशा बोलण्यासाठीच मी, मीरासाब, प्रसिद्ध आहे.

खरं सांगायचं तर (हे तीन शब्द मी उच्चारले की गल्ली सरसावून बसते, कारण पुढं खरं काही येणार नाही याची तिला खात्री असते) मी सुतार आहे, पण राहत्या घरांचा नव्हे. कोल्हापुरात सिनेमे निघायचे तेव्हा स्टुडिओत सेट उभे करायचं काम माझं. बारदान, खळ, प्लाय आणि रंग. माझी सगळी घरं एका बाजूची. पुढून महाल, मागून बांबू. एकदा आम्ही ताजमहाल उभा केला तर आग्र्याची कबुतरं तिकडची सोडून इकडं राहायला आली. न्यायला सरकारी माणूस आला होता, पण आपली कुठली आणि कोल्हापूरची कुठली हे त्याला ओळखता येईना, तसाच गेला. एकदा जमिनीवर विहीर रंगवली, तर गंगावेशीतली एक म्हैस तिच्यात तोंड घालून पोटभर पाणी प्याली, आणि संध्याकाळी धार काढली तर दुधाला टर्पेंटाईनचा वास. या गोष्टी मी इतक्या वेळा सांगितल्या आहेत की आता त्या मलाही आठवतात. त्या म्हशीच्या कपाळावर पांढरा ठिपका होता. तो मी कधी सांगितला नव्हता, तरी दिसतो. झालेलं आणि सांगितलेलं यांच्यामध्ये पूर्वी एक बांध होता. पाऊल टाकलं की पायाला कळायचं. हल्ली कळत नाही.

तर तमन्नाचं घर. तमन्ना माझी एकुलती एक, घरांचे नकाशे काढते. गडमुडशिंगीच्या पुढं तिनं आणि जावयानं, रिजवाननं, जमीन घेतली आणि मातीच्या विटा स्वतः पाडून वर्षभर बांधकाम केलं. मी दोनदा जाऊन आलो, तेव्हा नुसत्या भिंती होत्या. पुढच्या आठवड्यात राहायला जायचं आहे. "अब्बा, तुम्हीपण यायचं," असं ती तिच्या आईनं, लालबीनं, हट्ट करावा तशा आवाजात म्हणते. मी प्रत्येक वेळी नवी थाप मारतो. तिकडं विमानतळ जवळ आहे, वैमानिक माझ्या ओळखीचा निघाला तर रोज गप्पा मारायला उतरेल, मग उतारूंचे हाल. ती म्हणाली होती, निदान टीव्हीवर लागेल तेव्हा माझ्याशेजारी बसून बघा. मी म्हटलं, नाही, गल्लीत बसून बघणार. लोक काय बोलतात ते ऐकायला मिळणार नसेल तर घर बांधून उपयोग काय.

आणि लोक बोललेही. ड्रोननं वरून दाखवलं तेव्हा चहूकडं ऊस आणि मध्ये ते गोल घर, मध्ये चौक आणि चौकाभोवती फिरणारा बोळ. कृष्णात म्हणाला, "चाचा, हे जात्यावानी का वो?" सयाजीनं डोळे बारीक केले. "नुस्ता बोळ जोखला तरी निम्मं घर तिथंच गेलं. माणसं ऱ्हायची कुठं?" टीव्हीतल्या निवेदकानंही तेच विचारलं, जरा शिकलेल्या मराठीत. तमन्ना म्हणाली, "चालणाऱ्याला वळण लागावं, भिंत लागू नये." निवेदकानं वा म्हटलं. सयाजी म्हणाला, "आयला, कविताच की." पण माझी छाती फुगली, कारण तो बोळ माझा होता. स्टुडिओत जागा थोडी आणि सिनेमातल्या नायकाला चालायचं मैलभर. तेव्हा मी गोल बोळ बांधायचो. नट त्याच बोळातून फिरून फिरून यायचा, आम्ही पाठीमागं पळत तसबिरी बदलायचो, आणि बघणाऱ्याला वाटायचं किती मोठा महाल. यावर माझी एक गोष्ट आहे, गल्लीतल्या शेंबड्या पोराला पाठ. एकदा एक नट त्या बोळात असा रंगला की पॅकअप झालं, दिवे गेले, माणसं घरी गेली तरी तो चालतच राहिला. कुणी त्याला थांब म्हटलंच नाही. तो अजून चालतोय. तमन्ना लहानपणी ही गोष्ट ऐकून रडायची. "त्याला बाहेर काढा," म्हणायची. मी म्हणायचो, काढला तर गोष्ट संपेल.

मग दारं आली. निळं, लाल, पिवळं, हिरवं. बयाबाई म्हणाली, "अंगणवाडी काढणार हाय काय पोरगी?" त्यावरही मी खूश, कारण रंगही माझे. स्टुडिओच्या गोदामात दारांचा ढीग असायचा आणि उचलणारे हमाल निरक्षर. चिठ्ठी लावून उपयोग नाही. म्हणून मी प्रत्येक दाराच्या पाठीला रंगाचा पट्टा मारायचो. निळं न्हाणीचं, लाल स्वयंपाकघराचं, पिवळं निजायच्या खोलीचं, हिरवं बाहेरचं. हमालाला नुसतं ओरडून सांगायचं, निळं आण. ज्याला वाचता येत नाही त्याला रंग कळतो. माझा पट्टा मागं असायचा, कॅमेऱ्याला दिसू नये म्हणून. पोरीनं तो पुढं आणला, पूर्ण दारावर पसरला. मी सयाजीला कोपरानं ढोसून म्हटलं, "बघ, सगळी अक्कल बापाची हाय." सयाजी म्हणाला, "तवाच घर असं दिसाय लागलंय."

आणि तेवढ्यात बयाबाई आरशाचं बोलली.

मागच्या महिन्यातली गोष्ट. मी तमन्नाला सांगितलं होतं, आमच्या खोलीत एक म्हातारा घुसतो. माझाच सदरा घालून येतो, निर्लज्ज. मी त्याला विचारलं, कोण रे तू, तर तोही तोंड हलवायला लागला. मी दम दिला, त्यानं दम दिला. मी म्हटलं, लालबीचा कुणी माहेरचा असशील तर चहा घेऊन जा. तमन्ना हसली होती. रिजवानला तर ठसका लागला. मग भांडी विसळता विसळता तिनं सहज विचारलं, "कुठं उभा होता तो, अब्बा?" मी म्हटलं, "बेसिनवर." त्यानंतर ती बराच वेळ एकच पातेलं विसळत होती. आता सांगतो. ती थाप नव्हती. मी खरंच पाहिला होता. माझ्या हातात दाढीचा ब्रश तसाच होता. मग हळूहळू त्या म्हाताऱ्याच्या हातातला ब्रश माझ्या हातातला झाला, सदरा माझा झाला, आणि सगळ्यात शेवटी, फार सावकाश, तोंड माझं झालं. एवढं भ्यालो होतो की त्याची गोष्ट केल्याशिवाय मला राहवेना. गोष्ट केली की भीतीला चार माणसांत बसवता येतं.

आणि त्या घरात आरसा नाही.

टीव्हीत तमन्ना निवेदकाला न्हाणी दाखवत होती. कृष्णात म्हणाला, "दाराला आतनं कडीच न्हाय की. पावणं आल्यावर गाणं म्हणत बसायचं काय आत?" सयाजी पोट धरून हसला. कपाटांना दारं नाहीत, कपडे समोर दिसतात. बयाबाई म्हणाली, धूळ बसणार. कुठं उंबरा नाही. सयाजी म्हणाला, बिनउंबऱ्याच्या घरात लक्ष्मी कुठनं ओलांडून येणार. एक एक माणूस एक एक खोड काढत होता आणि मला प्रत्येक खोडीचा अर्थ आपोआप लागत होता. आत अडकलेल्याला बाहेरून काढता यावं, म्हणून कडी नाही. आपला सदरा कुठं आहे हे ज्याला आठवत नाही त्याला तो दिसावा, म्हणून कपाटाला दार नाही. पाय फरफटत चालणारा अडखळू नये, म्हणून उंबरा नाही. चालत सुटणारा माणूस रस्त्याला न लागता फिरून चौकातच यावा, म्हणून बोळ गोल. आणि दारांना रंग, कारण त्या घरात वाचता न येणारा एक हमाल येणार आहे. तमन्नाला वाचता येतं. रिजवानला येतं. मलाही येतं. म्हणजे अजून येतं.

जाहिराती लागल्या. सोप्यात चहाचा दुसरा फेरा आला. मी बशीकडं बघत बसलो आणि मला सेट मोडायची रीत आठवली. शूटिंग संपलं की सेट मोडतात तो मागून. आधी तसबिरी आणि झुंबरं जातात, मग दारं, मग आतल्या भिंती. पुढची भिंत सगळ्यात शेवटी, कारण सगळे दोर तिला बांधलेले असतात. पुढून जाणाऱ्याला वाटतं महाल अजून तसाच उभा आहे. आणि मागं हमाल एक एक वस्तू खांद्यावर टाकून चाललेले असतात. मी कित्येकदा पुढं उभा राहून पाहुण्यांशी गप्पा मारल्या आहेत आणि पाठीमागं खिळे उपटल्याचा आवाज ऐकला आहे. तो आवाज मला आता सयाजीच्या सोप्यात बसून ऐकू यायला लागला. दूध आणायला म्हणून बाहेर पडलो आणि पंचगंगेच्या घाटावर सापडलो, तेव्हा एक खिळा. 'सापडलो' हा शब्द तमन्नाचा. मी गल्लीला सांगितलं होतं, एक म्हैस मला ओढून घेऊन गेली, तिला माझ्याशी खासगी बोलायचं होतं. डोळे तपासायचे म्हणून तमन्ना मला राजारामपुरीत एका डॉक्टरीणबाईकडं घेऊन गेली, तेव्हा आणखी एक. बाई डोळ्यांत बघतच नव्हत्या. त्यांनी तीन वस्तूंची नावं सांगितली, लक्षात ठेवा म्हणाल्या. मग म्हणाल्या, घड्याळ काढा. मी असं घड्याळ काढलं की ते कागदात मावेना: आकडे, लंबक, वर कोरीव मोर. बाई म्हणाल्या, "काटे?" मी म्हटलं, "काटे डायरेक्टर सांगेल तसे." त्या हसल्या. तमन्ना हसली नाही, ती त्या मोराकडं बघत होती. नंतर बाईंनी त्या तीन वस्तू विचारल्या, तर मी त्यांवर एक झकास गोष्ट रचून सांगितली. एकही वस्तू त्यांनी दिलेली नव्हती, हे मला परत येताना रिक्षात तमन्नाच्या गप्प बसण्यावरून कळलं.

"भाऊजी, आणिक च्या टाकतो मी, आर्धा कप," बयाबाई मला म्हणाली.

"नको," मी म्हटलं. "लालबी घरात ठेवून बसली असंल. पिऊन गेलो तर बोलंल."

जाहिरातीतला आवाज तेवढा मोठ्यानं आला. बयाबाईच्या हातातली किटली तशीच राहिली. मग सयाजी खो खो हसत सुटला. "ह्यो बघा गडी. बायकू जाऊन तीन वर्सं झाली, तरी तिचं भ्या हाय ते हायच." सगळे हसले. बयाबाईनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "न्हाय वो, जीव असतोय माणसाचा." आणि मी, नेहमीप्रमाणं, हसलो. पण आज पहिल्यांदा सगळ्यांच्या नंतर. कारण मला लालबी खरंच दिसली होती: स्टोव्हच्या समोर पाटावर, गुडघ्यावर हनुवटी टेकून, दाराकडं बघत. जीभ काही विनोद करायला गेलीच नव्हती. तिनं सरळ जे आहे ते सांगितलं होतं, आणि जे आहे ते नव्हतं. इतकी वर्षं मी थापा मारल्या आणि या लोकांना त्या थापाच आहेत हे कळत होतं. आता मी खरं बोललो आणि तेही त्यांना थापच वाटलं. म्हणजे मागून सगळा सेट गेला तरी यांना पत्ता लागणार नाही. हा विचार मनात आला तेव्हा आधी बरं वाटलं, पण तेवढ्यापुरतंच. मी तिथं, त्या बोळात, अंधारात चालत असेन आणि हे सगळे टाळ्या देत म्हणतील, काय गडी रंगलाय.

जाहिराती संपल्या. मी स्वतःची परीक्षा घ्यायला लागलो. सयाजीच्या थोरल्या पोराचं नाव, येतं. कारखान्याचं गाव, येतं. तमन्नाची पोरगी, जोया. शाबास. स्टुडिओच्या फाटकावर जो पहारेकरी होता, गालावर देवीचे व्रण असलेला, ज्याच्याबरोबर मी रोज भाकरी खाल्ली, तो. त्याचा गाल आला, भाकरी आली, भाकरीवरची मिरची आली. नाव आलं नाही. ज्या जागी नाव असायचं तिथं मी हात घातला, तर गुळगुळीत काहीतरी लागलं, रंधा मारलेल्या फळीसारखं.

शेवटी टीव्हीत पिवळं दार उघडलं. सनई सुरू झाली. निवेदकानं विचारलं, "आणि ही खोली?" तमन्ना म्हणाली, "ही अब्बांची." खोलीत खिडकीशी पलंग, आणि दाराच्या बाहेर, डोळ्यांच्या उंचीवर, भिंतीत एक कोनाडा. त्यात माझा जुना रंधा ठेवला होता आणि लालबीचा फोटो. निवेदक म्हणाला, "रंधा खोलीच्या बाहेर का?" तमन्नानं सांगितलं, "ही खोली कुणाची, ते बाहेरूनच कळावं म्हणून." निवेदकाला ते बापाचं कौतुक वाटलं. बयाबाईलाही वाटलं; ती म्हणाली, "लेक असावी तर अशी." पण तमन्ना ते बोलताना निवेदकाकडं बघत नव्हती. कॅमेऱ्यात बघत होती. मी आयुष्यभर कॅमेऱ्याच्या मागं काढलं आहे, कोण कुणासाठी बघतं ते मला कळतं. टीव्हीपुढं बसणाऱ्या सगळ्या मुलखातून ती एकाच माणसाकडं बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर ती लहान असतानाचं भय होतं. त्याला बाहेर काढा.

शेवटच्या नावांच्या पाट्या सरकायला लागल्या. सयाजीनं निकाल दिला नाही. डबी काढली, पण तंबाखू मळला नाही. माझ्याकडं बघून म्हणाला, "घर तुझ्या लेकीचं, निकाल तू दे. चितपट का कसं?" आणि तेवढ्यात माझा फोन वाजला. तमन्ना. "स्पीकरवर टाक, स्पीकरवर," सयाजी म्हणाला. कृष्णातनं माझ्या हातातून फोन घेऊन टाकलाही.

"अब्बा, बघितलं?"

"बघितलं. सगळी गल्ली बघतीया."

"कसं वाटलं?"

सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले. आता मी काहीतरी भन्नाट फेकणार, याची त्यांनी तयारी केली होती. कृष्णातचं तोंड आधीच अर्धं उघडलं होतं. माझ्याकडं दोन-तीन तयारही होत्या. त्या गोल घरावर हेलिकॉप्टर उतरवायचं, आरसे चोरीला गेले, असलं काहीतरी. फोनमधून तमन्नाचा श्वास ऐकू येत होता. कुठल्याही थापेनं तो श्वास सुटला असता, आणि ती आणखी एक वर्ष एकटीच भीत राहिली असती.

"निळा फिका मारलाय," मी म्हटलं.

आणि तिथं थांबलो नाही.

"गोदामातला निळा असा नव्हता. सांजच्या वेळंला दिसायचा न्हाय हा. हमाल चुकंल."

"बघा," बयाबाई सयाजीला म्हणाली, "पोरीनं एवढं केलं आन् बापाला रंग दिसला."

मग तमन्ना म्हणाली, आणि तिचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा होता, "किती गडद करू, अब्बा?"

"लांबनं वळकू यील एवढा."

"करते." आणि मग, "कधी येऊ न्यायला?"

"आधी रंग वाळू दे," मी म्हटलं. "वल्ल्या दाराला हात लावला की हात निळं हुत्यात. मग सगळ्या जगाला कळतंय कुठनं आलास ते."

सोपा हसला. ती हसली का, ते कळलं नाही. फोन बंद झाला. सयाजी डबी उघडून तंबाखू मळायला लागला, म्हणजे घर पास झालं होतं.

मी उठलो, चपला घातल्या आणि बाहेर आलो. ऊन चढलं होतं. समोर आमची ओळ. एक कॉफी रंगाचं दार, दुसरं कॉफी रंगाचं दार, तिसरं, आणि पुढं तशीच. नवा रंग उन्हात चकाकत होता. पूर्वी माझ्या दाराला लालबीनं बांधलेली हिरवी चिंधी होती, रंगाऱ्यानं ती काढून टाकली असावी. मी रस्त्याच्या मध्यावर उभा राहिलो. एक कुत्रं माझ्याकडं बघून गेलं. कुठल्यातरी दारामागं कुकरची शिट्टी झाली. मी आठवायचा प्रयत्न केला नाही. प्रयत्न केला की ती गुळगुळीत फळी लागते, आणि दिवसाउजेडी, आपल्याच गल्लीत, मला ती हाताला लागू द्यायची नव्हती. पायांना माहीत असेल म्हणून पायांकडं बघितलं. पाय माझ्याकडं बघत होते.

"सयाजी," मी मागं वळून हाक मारली. "चल की जरा घरापतुर. तुला त्या नटाचं पुढचं सांगायचं ऱ्हायलंय."

"कुठला नट?"

"बोळात चालत ऱ्हायला त्यो."

"त्येचं पुढचं हाय?" सयाजी तळहातावरचा तंबाखू तोंडात टाकत बाहेर आला. "इतकी वर्सं सांगितलं न्हाईस ते, भाड्या."

"चल तर."

तो चालायला लागला. मी त्याच्या अर्धं पाऊल मागं राहिलो आणि बोलत राहिलो. त्या नटाचं असं झालं, मी सांगत होतो, की दिवे गेल्यावर त्याला भिंतीच दिसंनात. हात लावून चालायला लागला. हाक मारली तर आपलाच आवाज फिरून पाठीमागनं यायचा, त्याला वाटायचं कुणीतरी मागावर आहे. माझी जीभ गोष्ट सांगत होती आणि माझे डोळे सयाजीच्या पायांवर होते. पहिलं दार गेलं. दुसरं गेलं. सयाजी पचकन थुंकला आणि म्हणाला, "मग?" मग त्याच्या लेकीला कळलं, मी म्हटलं. आता भिंत फोडावी तर सगळा महाल अंगावर येणार. म्हणून तिनं काय केलं. सयाजीचे पाय थांबले. मीही थांबलो, त्याच्याच पावलाबरोबर, जरासाही उशीर न करता.

"काय केलं?" तो म्हणाला.

दाराच्या कडीशी, नव्या रंगाखाली, हिरव्या चिंधीचा एक धागा अडकून राहिला होता. मी तो बोटानं चाचपून बघितला.

"बोळ तसाच ठेवला," मी म्हटलं. "त्यात एक दार केलं. गडद निळं."

"आन् त्यो?"

"त्यो चालतोय की अजून."

सयाजी हसत हसत वळला. त्याचं दार लागल्याचा आवाज येईपर्यंत मी तिथंच, कडीवर हात ठेवून उभा राहिलो.